माळ्यावरचं 2021 : ऑक्सिजन मशीन, ऑक्सिमीटर आणि बाकीचं सामान

पुष्कळ घरांत कोरोनाचं 2021 साल अजून माळ्यावर पडून आहे. थर्माकोलसकट खोक्यात परत घातलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन), ड्रॉवरमध्ये सेल गळून हिरवट झालेला ऑक्सिमीटर, वाफेचं मशीन, कपाळावर रोखायचं पिस्तुलासारखं थर्मामीटर. हे सगळं विकत घेताना कुणी कंपनी बघितली नाही की वॉट विचारले नाहीत. दुकानदार म्हणेल तो भाव आणि मिळेल तो डबा. तेव्हा न विचारलेले प्रश्न या परीक्षणात विचारले आहेत, कारण त्यांतलं मोठं यंत्र आजही विकलं जातं, भाड्याने दिलं जातं, आणि दमा किंवा सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, श्वास कोंडणारा आजार) असलेल्या पेशंटसाठी पुन्हा खाली काढलं जातं.

भाव का भडकले होते, ते आधी. देशाची वैद्यकीय ऑक्सिजनची मागणी पहिल्या लाटेत कमाल 3,095 टन रोज होती, दुसऱ्या लाटेत ती 9,000 टनांच्या घरात गेली. महाराष्ट्रात 18 एप्रिल 2021 ला एका दिवसात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्याच दिवशी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे निघाली. भरलेले टँकर 23 आणि 24 एप्रिलला नागपूर आणि नाशिकला उतरले. मधल्या 21 तारखेला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, आतल्या नळ्यांमधला दाब पडला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. त्या आठवड्यात एरवी 40-50 हजारांना मिळणारं पाच लिटरचं मशीन लाखाच्या आसपास गेलं ते उगाच नव्हे. स्वतःसाठी परदेशातून मागवलेल्या मशीनवरचा कर 1 मेपासून 28 वरून 12 टक्क्यांवर आला, आणि विक्रीतल्या नफ्यावर 70 टक्क्यांची मर्यादा आली ती जूनच्या सुरुवातीला. तोवर ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेतलं होतं.

आता मशीन. ‘पाच लिटर’ म्हणजे पाच लिटरची टाकी असा समज अजून आहे. हा आकडा मिनिटाला निघणाऱ्या वायूचा. आत टाकी नसते, साठा नसतो. आत असतो एक बिनतेलाचा कॉम्प्रेसर आणि झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या दाण्यांनी भरलेली दोन नळकांडी. दाबाखाली झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. काही सेकंदांनी दाब सोडला की धरलेला नायट्रोजन बाहेर पडतो, तोवर दुसरं नळकांडं कामाला लागलेलं असतं. मशीनमधून थोड्या थोड्या वेळाने ‘फुस्स’ येतं ते हेच. हा आवाज बिघाडाचा नाही. तो एका तालात यायचा थांबला तर मात्र व्हॉल्व्हकडे बघायला हवं. हवेतला जेमतेम एक टक्का आर्गॉनही ऑक्सिजनबरोबर निसटून पुढे येतो, म्हणून हे मशीन कधीही 99 टक्के देत नाही. चांगल्या मशीनवर 93 टक्के, तीन इकडे तीन तिकडे, असं लिहिलेलं असतं आणि तेवढं पुरतं.

याची खरी ताकद सिलिंडरशेजारी ठेवल्यावर कळते. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर वायू मावतो, म्हणजे मिनिटाला 5 लिटरने पाच तास. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये 7,000 लिटर, म्हणजे तेवीस तास. पाच लिटरचं मशीन चोवीस तासांत 7,200 लिटर देतं. रोज एक जंबो, रांगेत उभं न राहता, पाचव्या मजल्यावर न चढवता. त्या एप्रिलमध्ये याची किंमत काय होती ते वेगळं सांगायला नको. पण हेही खरं, की हॉस्पिटलमध्ये हाय-फ्लोवर असलेल्या पेशंटला मिनिटाला 60 लिटरपर्यंत लागतात. त्या वेगाने जंबो दोन तासही टिकत नाही आणि तिथे या मशीनचा काही उपयोग नसतो. पुण्याच्या बी. जे. मेडिकलच्या भूलशास्त्र विभागप्रमुखांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं : मध्यम आजार आणि जास्तीत जास्त 5 लिटरची गरज, एवढ्यापुरतंच हे यंत्र. ज्या घरांनी हे ऐकलं त्यांना मशीनने बेड मिळेपर्यंतचा वेळ काढून दिला. ‘मशीन आहे ना घरात’ म्हणून जे थांबले, त्यांचा तोच वेळ गेला.

मशीनची सगळ्यात मोठी खोट बाहेरून दिसत नाही : शुद्धता. त्या वर्षी ‘1 ते 7 लिटर’ असं छापलेली हलकी मशीन ढिगाने आली. त्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत खरं लिहिलेलंच होतं, 1 लिटरला 90 टक्क्यांच्या वर आणि 7 लिटरला 30-40. साधा हिशेब करून बघा. 93 टक्क्यांचे 5 लिटर काढायचे तर त्यात सुमारे 4.65 लिटर शुद्ध ऑक्सिजन हवा. हवेत तो 21 टक्के. काहीही वाया न घालवता सुद्धा मिनिटाला 22 लिटर हवा गाळावी लागते, आणि प्रत्यक्षात त्याच्या काही पट. सहा-सात किलोचं, 120-150 वॉटचं मशीन एवढी हवा ओढूच शकत नाही. वरची चकती 7 वर नेली की वायू जास्त येतो, पण त्यात न गाळलेली हवाच जास्त. नाकातल्या नळीने 5 लिटर शुद्ध ऑक्सिजन दिला तर श्वासात तो साधारण 40 टक्क्यांपर्यंत जातो. 40 टक्के शुद्धतेचा वायू त्याच वेगाने दिला तर जेमतेम 25-26. खिडकी उघडल्यापेक्षा थोडंसं बरं, एवढंच.

म्हणून खरेदी नवी असो की जुनी, आधी वजन आणि वॉट बघावे. खऱ्या पाच लिटरच्या मशीनचं वजन बहुधा 14 ते 18 किलो आणि खप 300-350 वॉट असतो. दहा लिटरचं 25 किलोच्या आसपास आणि 600 वॉटच्या आगेमागे. अपवाद आहेत, पण ते महागातले आहेत. दुसरं, शुद्धता घसरल्याचा इशारा देणारा दिवा आहे का? बऱ्याच चांगल्या मशीनमध्ये 82-85 टक्क्यांच्या खाली गेलं की पिवळा किंवा लाल दिवा लागतो. हा सेन्सर नसलेलं मशीन फुकट मिळालं तरी विचार करावा. नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून बुडबुडे दाखवणारा विक्रेता फक्त हवा येते हे दाखवतोय. बुडबुडे तर मत्स्यालयाच्या पंपातूनही येतात.

ऑक्सिजनचा कॅन हा प्रकार एका वाक्यात संपतो. 10 लिटर वायूचा स्प्रेसारखा डबा, 5 लिटरच्या वेगाने दोन मिनिटं. ज्यांनी डझनाने घेतले त्यांनी एक तासही विकत घेतला नाही.

वीज. 350 वॉटचं मशीन चोवीस तास चाललं तर 8.4 युनिट, महिन्याला 252. युनिटला दहा रुपये धरले तर अडीच हजार, आणि घराचा एकूण वापर वरच्या स्लॅबमध्ये ढकलला जातो तो वेगळाच. थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावावं. टीव्ही-मिक्सरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर नको. गावाकडे व्होल्टेज खालीवर होत असेल तर 1 केव्हीएचा स्टॅबिलायझर हवा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच. साध्या स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि तापतो. 12 व्होल्टची 150 एएचची बॅटरी नवी असेल तर साडेतीन तास चालवते, तीन वर्षं जुनी असेल तर दोन तासच धरा. वीज जास्त वेळ जाते अशा ठिकाणी बी टाइप सिलिंडर भरून शेजारी हवाच. 2 लिटरने तो साडेबारा तास चालतो. त्याच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, आटा घट्ट बसला तरी.

अमेरिकेतल्या मुला-भावंडांनी जीव टाकून पाठवलेल्या मशीनची एक वेगळीच व्यथा आहे. तिकडची वीज 115 व्होल्ट, 60 हर्ट्झ. इथे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे बऱ्याच मशीनचा कॉम्प्रेसर सावकाश फिरतो, हवा कमी ओढतो, आणि अर्ध्या तासात पिवळा दिवा लागतो. सर्व्हिसवाला ‘झिओलाइट गेला’ म्हणून मोकळा होतो, पण झिओलाइट ठणठणीत असतो. मशीनच्या मागची पट्टी वाचा; तिथे फक्त ‘60 हर्ट्झ’ असेल तर इथे त्यावर पैसे घालू नयेत. 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ लिहिलेलं असेल तर अमेरिकेतून आलेलंही बिनघोर चालतं.

वापरताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या वायू ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत. बाटलीचं झाकण प्लास्टिकच्या आट्याचं, आणि ते घाईत तिरकं बसतं. मग फ्लोमीटरची (वायूचा वेग दाखवणाऱ्या उभ्या नळीतली) गोळी 3 वर स्थिर दिसते, बाटलीत बुडबुडेही दिसतात, पण नाकाशी काहीच येत नाही. वायू झाकणाच्या कडेने निघून जातो. तपासायची पद्धत दहा सेकंदांची आहे. मशीन चालू ठेवून बाटलीच्या पुढची नळी दुमडून घट्ट धरा. बाटलीच्या झाकणातून शिट्टी आली पाहिजे. शिट्टी आली म्हणजे जोड पक्के. नाही आली तर झाकण पूर्ण काढून, आधी उलट्या दिशेने पाव फेरा देऊन आटा जागेवर ‘टक्’ बसू द्यावा आणि मग आवळावं. पाणी खुणेच्या वर भरलं तर थेंब नळीत जातात आणि पेशंटच्या नाकात गार पाणी येतं. पाणी डिस्टिल्ड घ्या किंवा उकळून गार केलेलं. नळाचं नको, बॅटरीवाल्याकडचं तर नकोच. रोज बदलावं, बाटली साबणाने धुऊन कोरडी करावी. 4 लिटरच्या खाली बऱ्याच जणांना बाटलीची गरजही नसते, नाक कोरडं पडलं तरच लावावी.

फ्लोमीटर डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा आणि रेघ गोळीच्या मधोमध यायला हवी. वरून बघितलं की अर्ध्या लिटरची चूक सहज होते. आणखी एक : 5 लिटरच्या खाली नाकातली नळीच, मास्क नाही. कमी वेगात मास्क लावला तर सोडलेला श्वास आतच राहतो आणि तोच परत घेतला जातो. किती लिटर ते डॉक्टरच सांगणार. सीओपीडीच्या पेशंटचं ऑक्सिमीटरवरचं लक्ष्य बहुधा 88 ते 92 असतं. ‘98 दिसत नाही’ म्हणून घरच्यांनी गोळी वर नेली तर अशा पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. तो गुंगीत जातो आणि सगळ्यांना वाटतं, आता शांत झोपलाय.

मशीन भिंतीपासून वीतभर तरी पुढे, पडद्याच्या मागे नाही. बाहेरचा फोमचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावावा, म्हणून दोन असावेत. ओला फिल्टर लावला तर ओल सरळ आत जाते. स्वयंपाकघराच्या दाराशी मशीन ठेवलं की फोडणीचा तेलकट धूर फिल्टर महिन्याभरात चिकट करतो. देवघराच्या खोलीत तर पेशंटला ठेवूच नये. समई, निरांजन, उदबत्ती, गॅस आणि विडी, यांपैकी काहीही दहा फुटांच्या आत नको. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो मुरलेली चादर ठिणगीने भुर्रकन पेटते. याच कारणाने नळी नाकातून काढून गादीवर टाकण्याआधी मशीन बंद करायचं. नाकपुड्या सोलल्या तर व्हॅसलीन नको, पाण्यात विरघळणारी जेली लावावी.

आता माळ्यावरच्यांसाठी. झिओलाइटचा शत्रू ओल. मशीन चालू असताना ओल बाहेर फेकली जाते; वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशीनमध्ये ती दाण्यांत मुरते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दोन पावसाळ्यांनी नवंकोरं मशीनही बसू शकतं. ‘वापरलंच नाही, अगदी नवीन आहे’ ही जाहिरात म्हणून या एका वस्तूच्या बाबतीत गुण नाही, धोक्याची खूण आहे. ठेवायचंच असेल तर महिन्यातून एकदा तासभर पूर्ण वेगाने चालवावं, बाटली रिकामी करून, नळी न लावता. जुनं घेताना तासांचा मीटर बघावा. 3,000 तास नियमित चाललेलं मशीन, 40 तास चालून पडून राहिलेल्यापेक्षा बहुतेक वेळा बरं निघतं. तपासणी 5 लिटरवर अर्धा तास चालवून, आणि ऑक्सिजन अ‍ॅनलायझर (शुद्धता मोजणारं उपकरण) लावूनच. पहिल्या पाच-दहा मिनिटांतला आकडा धरू नये, मशीन तेव्हा तयार होत असतं. आणि 1 लिटरवरचा आकडा तर मुळीच धरू नये, तिथे मेलेलं मशीनही 90 दाखवतं. सर्जिकलवाल्याकडे अ‍ॅनलायझर नसेल तर दुसऱ्याकडे जावं.

ऑक्सिमीटर

त्या वर्षातली सगळ्यात सार्थकी लागलेली खरेदी हीच. बोटातून दोन प्रकाश जातात, 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 चा इन्फ्रारेड, आणि त्यांच्या शोषणातल्या फरकावरून आकडा निघतो. चांगल्या उपकरणातही दोन टक्के इकडेतिकडे धरायचे, त्यामुळे 97 चे 95 झाले म्हणून रात्रभर जागायचं कारण नव्हतं. 95 चे 91 आणि तिथेच राहिले तर होतं. तेव्हा राज्यभर सांगितली गेलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी आजही तितकीच चांगली आहे : आधी आकडा घ्यायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं (साठीच्या पुढे तीन), पुन्हा घ्यायचा. 94 च्या खाली किंवा तीन टक्क्यांहून जास्त उतरला, तर डॉक्टर. बसल्या जागी 95 असलेला पेशंट न्हाणीघरापर्यंत जाऊन येतो आणि 89 होतो, हे याच चाचणीत उघडं पडायचं.

आकडा चुकतो तो बहुधा बोटामुळे. मेंदी, नेलपॉलिश, गार पडलेला हात, खिडकीतलं ऊन, नखाच्या टोकावरच बसवलेलं उपकरण. हात चोळून गरम करा, मधलं किंवा तर्जनीचं बोट तळापर्यंत सारा, हात मांडीवर स्थिर ठेवा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. पहिला आकडा कधीच लिहू नये. नाडीचा पट्टा एकसारखा उडत नसेल तर वरचा आकडा निरर्थक. आणि कुठला आकडा कशाचा हे आधी बघा. नाडीचे 84 ऑक्सिजन समजून त्या वर्षी कितीतरी घरांत रात्री फोनाफोनी झाली.

यातली खरी उणीव मात्र वेगळीच. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. रक्तात ऑक्सिजन धोकादायक कमी असताना उपकरण 92-96 दाखवत राहण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तशी सूचनाही काढली. आपल्याकडच्या कातडीचे रंग बघता ही गोष्ट खोक्यावर छापायला हवी होती. धाप लागत असेल, ओठ निळसर असतील, तर आकडा 95 असला तरी धापेवर विश्वास ठेवावा.

पेन्सिलीला 98 दाखवणारे नकली नग अजून घरांत आहेत. असा असेल तर तो फेकावाच. बाकीच्यांतले सेल आत्ता काढून ठेवा. गळून हिरवी पूड आलीच असेल, तर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने ती पुसून, वाळवून, नवे सेल घालून बघावं. निम्मे तरी चालू होतात.

बाकीचं

कपाळाचं थर्मामीटर कातडीचं तापमान मोजतं, अंगातल्या तापाचं नाही. उन्हातून आलेला माणूस तापलेला दिसतो आणि घामाने भिजलेला गार. तीन ते पाच सेंटीमीटरवरून, सावलीत दहा मिनिटं बसल्यावर. घरासाठी काखेतलं डिजिटल बरं, स्वस्त आणि खरं. वाफेच्या मशीनने विषाणू मरत नाही. चोंदलेलं नाक मोकळं होतं, आणि अंगावर उपडं झालं तर भाजतं. लहान मूल असलेल्या घरातून ते काढून टाकलं तरी काही अडत नाही. भाजी निर्जंतुक करायची यूव्हीची (अतिनील किरणांची) पेटी आता नेलपॉलिश वाळवायलाही कुणी घेत नाही.

चालू स्थितीतलं कॉन्सन्ट्रेटर असेल आणि घरात त्याची गरज नसेल, तर गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, जिथे कॉट, वॉकर, एअरबेड डिपॉझिटवर मिळतात. तिथे द्या. देताना खोक्यात मूळ पुस्तिका, नवी कॅन्युला (नाकातली नळी), फोमचे दोन फिल्टर, आणि मीटरवरचे तास लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आपली वापरलेली नळी आणि बाटली देऊ नका. या वस्तू ज्या-त्या पेशंटच्याच. आणि नेण्याच्या आदल्या दिवशी पुसून, 5 लिटरवर तासभर चालवून बघा. पिवळा दिवा लागला तर तिथे न देता सर्व्हिसवाल्याकडे न्या, कारण केंद्रातून ते ज्या घरी जाईल, तिथे दिव्याचा रंग बघायला कुणी मोकळं नसेल.